तुळजाजींचा उंट आणि जानवासाची हेरल्ड

आमच्या उन्मेषचं लग्न ठरायच्या आधी मुलीच्या घरची चौकशी करून यायला मला पाठवलं होतं. मी सकाळी गेलो तो दिवेलागणीला परतलो. सूनबाई कल्पना, म्हणजे उन्मेषची आई, दारातच उभी.

"बाबा, माणसं कशी आहेत?"

"हेरल्ड आहे," मी म्हटलं. "दोन दारांची. छप्पर बोल्ट काढून अख्खं उचलता येतं."

"आणि मुलगी?"

मुलीला भेटायचं राहूनच गेलं होतं.

आता यात माझी चूक थोडी आणि तुळजाजींची जास्त. तुळजाजी म्हणजे दिव्यश्रीचे, म्हणजे मुलीचे आजोबा. मद्रासमध्ये एग्मोरला स्टेशनच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं घर. मी पत्ता विचारत गल्लीत शिरलो, तर एका घरापुढे लोण्याच्या रंगाची जुनी गाडी, हीच ती हेरल्ड, तिचं सगळं पुढचं तोंड, मडगार्डांसकट, समोरच्या बाजूला उलटं पडलेलं, आणि पुढच्या उघड्या चाकावर एक म्हातारा, आपण ओट्यावर बसावं तसा आरामात बसून इंजिनात हात घालतोय. मी म्हटलं, "तुळजाजी इथंच राहतात का?"

"तुळजाजी इथंच बसतात," ते म्हणाले. "राहतात आत. बसा. त्या बाजूचं चाक रिकामं आहे."

मी बसलो. झालं. दुपारचं जेवणही सकवारबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, आम्हाला तिथंच केळीच्या पानावर आणून दिलं.

तंजावरकडची ही मराठी माणसं. त्यांचे पूर्वज कधी तिकडं गेले याचा हिशेब मला कुणी नीट सांगितला नाही, पण बोलणं ऐकलं की आपल्या पणज्याच्या वेळचं कुणी उठून आल्यासारखं वाटतं. 'मला' म्हणत नाहीत, 'मज' म्हणतात. सगळं म्हणायचं तर 'अस्कं'. आणि मध्येच एक 'अय्यो' आणि एक 'सरी', म्हणजे 'बरं', टाकून गाडी पुन्हा मराठीच्या रुळावर. पहिल्या तासात मला निम्मं कळलं, दुसऱ्या तासात सगळं, आणि तिसऱ्या तासात मीच 'सरी सरी' करायला लागलो.

तुळजाजी ऐन तरुणपणी तोफखान्यात भरती झाले आणि हवालदार होऊन परतले. मग मद्रासला एका बँकेत पहारेकरी. तिथल्या एका डॉक्टरांच्या मागच्या अंगणात ही हेरल्ड कोंबड्यांचं खुराडं होऊन पडली होती. याच शहरात तयार झालेली गाडी, आणि याच शहरात तिच्यात कोंबड्या! तुळजाजींना ते बघवेना. डॉक्टर म्हणाले, "कोंबड्या सोडून काय हवं ते घेऊन जा." तेव्हापासून ती यांच्याकडे.

आणि त्या गाडीचं काम काय? तर जानवास.

आपल्याकडे जानवसा म्हणजे वऱ्हाड उतरतं ती जागा. इथं मात्र लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाला देवळातून कार्यालयापर्यंत उघड्या गाडीतून मिरवत नेतात, त्याला जानवास म्हणतात. पुढे नादस्वरम् आणि तविल, म्हणजे आपली सनई आणि ढोल समजा, मागे बायकामाणसं, मध्ये गाडी, आणि गाडीच्या मागच्या सीटवर हार घालून बसलेला, घामानं निथळणारा नवरदेव. इकडच्या तमिळ लोकांची रीत, ती या मंडळींनीही उचलली. तुळजाजींनी त्यांच्या लोकांतले जवळजवळ सगळे नवरदेव त्या हेरल्डमधून मिरवले. कुणाकडून पैसा नाही घेतला. गाडीला एक हार आणि चालवणाऱ्याला एक शहाळं, एवढंच.

"आणि नातीच्या लग्नाला?" मी चाकावरून विचारलं.

तुळजाजींनी पाना खाली ठेवला. "दिव्या इतुकी होती," त्यांनी गुडघ्याशी हात धरला, "तेव्हा माझ्या शेजारी बसून यायची जानवासाला. एकदां म्हणाली, ताता, माझ्या नवऱ्यासही तुम्हीच आणायचं. मी म्हटलं, सरी. आतां तुमचा उन्मेष बसला तर ती गोष्ट पुरी होईल."

मी तिथंच शब्द देऊन टाकला. घरी कारभार कल्पनाचा आहे, हे मला बस आमच्या सिरुसेरीच्या वळणावर आल्यावर आठवलं.

माझा मुलगा कामासाठी महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी असतो, त्यामुळे घरातली शिस्त, बाजार, माझ्या गोळ्या आणि उन्मेषचं लग्न, हे सगळं कल्पना बघते आणि झकास बघते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, उन्मेषच्या मित्रांनी एक काळी उघडी गाडी बघून ठेवली आहे. परदेशी. भाड्यानं मिळते, ड्रायव्हरसकट. माझा एकुलता एक मुलगा आहे. भर रस्त्यात गाडी बंद पडून त्याला खाली उतरावं लागलं, तर लोक आयुष्यभर तेच सांगत बसतील. तुम्ही तर नक्कीच सांगाल."

हे मात्र खरं होतं.

शेवटी असं ठरलं, की रविवारी गाडी बघायची. उन्मेषला मागे बसवून चालवून दाखवायची. नीट चालली तर हेरल्ड, नाही तर काळी.

रविवारी सकाळी नुंगंबाक्कमला एका ऑफिसच्या रिकाम्या आवारात जुन्या गाड्यांच्या वेड्यांचा कट्टा भरतो. तिथला रखवालदार तुळजाजींचा जुना दोस्त, म्हणून गेट उघडं मिळतं. मी गेलो तर तिथं दोन पात्रं आधीच हजर. एक रत्नाकर, मूळचा सोलापूरकडचा, रेल्वेतून निवृत्त, फियाटवाला. दुसरा नवीन, तंजावरी घरचा, सॉफ्टवेअरमधला, चाळिशीचा, जीपवाला. दोघं चहाच्या कागदी पेल्यांवरून एकमेकांच्या गाड्यांची उणीदुणी काढत होते.

"रत्नाकरभाऊ, तुमच्या फियाटचं दार दोरीनं बांधलंय की हो."

"दोरी नाही, सीटबेल्ट आहे तो. फक्त माणसाऐवजी दाराला लावलाय. तुझ्या जीपला तर दारंच नाहीत."

"म्हणून तर माझी कधी पडली नाहीत!"

तेवढ्यात हेरल्ड आली. छप्पर काढलेलं, सगळी गाडी नारळाच्या तेलानं माखल्यासारखी चकाकतेय. रत्नाकर ओरडला, "आली का हो तोफ? की ढकलून आणली?"

"तुझी फियाट ढकलायस आलों," तुळजाजी म्हणाले. "किती माणसं आणूं?"

मग बॉनेट उलटलं गेलं आणि चौघं त्याच्याभोवती. जानवासात गाडीला माणसाच्या चालीनं जावं लागतं, आणि जुनं इंजिन त्या चालीनं तापतं. त्यावर उपाय म्हणून नवीननं पुदुपेटहून, म्हणजे जुन्या सुट्या भागांच्या त्या प्रसिद्ध गल्लीतून, एक विजेचा पंखा आणून बसवला होता. कुठल्या गाडीचा म्हणून विचारलं तर म्हणाला, "काका, पुदुपेटमध्ये गोत्र विचारत नाहीत."

मी सहज बोलून गेलो, की तोफखान्याचा आणि माझाही लहानपणचा संबंध आहे. झालं, तिघं माझ्याकडे वळले. आता एवढी माणसं आपणहून वळल्यावर मी काय गप्प बसणार?

आमच्या गावच्या माळापलीकडे लष्कराचं सरावाचं मैदान होतं. मी तिसरीत. शाळा मारुतीच्या देवळात, गुरुजींची खुर्ची घंटेखाली, त्यामुळे चिडून उठले की घंटा वाजायची. एके दिवशी मैदानावरनं एक गोळा वाट चुकला आणि थेट पाटलांच्या कांद्याच्या चाळीत. धुराचा गोळा, फुटायचा म्हणून नव्हताच, नुसता धूर सोडायचा. पण कांद्यातून सोडला! सगळं गाव डोळे पुसतंय. पाटील रडतायत, पाटलांचा कुत्रा शिंकतोय, गुरुजी डोळे मिटून बे एके बे म्हणून घेतायत. तेवढ्यात एक तरुण साहेब घोड्यासारखा धावत आला आणि विचारतो काय, "कुणाला लागलं का?" आख्ख्या गावाला रडताना बघून तो बिचारा मटकन खालीच बसला. लागलं कुणालाच नव्हतं. पण त्या वर्षी पाटलांकडच्या कार्यात त्या कांद्याची भजी खाल्लेला प्रत्येक पाहुणा विचारायचा, चुलीवर केलीत काय?

तुळजाजी हसून हसून चाकावरून घसरले. मग डोळे पुसत म्हणाले, "मी नव्हतो हं त्या तोफेवर. मी तेव्हां चड्डीत."

"पण उंटाच्या वेळी तुम्हीच होतात ना?" नवीननं काडी लावली.

"पोदुम रे, नवीन. पुरे."

"नाही, या गजेंद्रकाकांना माहीत नाही. सांगा की!"

मग ती उंटाची गोष्ट मला कळली. तोफेची दिशा धरायला लांबचं एखादं न हलणारं ठिकाण धरतात. मंदिराचा कळस, पाण्याची टाकी, असं काही. दर गोळ्यानंतर तोफ मागे सरकते, की पुन्हा त्या ठिकाणाकडे बघून ती सरळ करायची. वाळवंटात सराव होता. तुळजाजी नवे, लान्सनायक. धुळीत त्यांना दूर टेकडीवर एक पांढरा ठिपका दिसला. देऊळ समजून त्यांनी तोच धरला.

"तें देऊळ बसलेलं होतं," तुळजाजी म्हणाले. "थोड्या वेळानं उठलं."

"उंट होता काका!" नवीन ओरडला. "पाठीवर पांढरी चादर!"

"चालूं लागला डावीकडं. मी दर गोळ्यास त्याजकडं बघून तोफ सरळ करतोंय. उंट डावीकडं, तोफ डावीकडं. साहेब दुर्बिणींतून बघून ओरडतोंय, कोण आहे तो शहाणा! शेवटचा गोळा आमच्याच लंगरच्या भाजीवर पडला. आचारी चहा घेऊन पुढं गेले होते म्हणून वांचले. पण भोपळे नाही वांचले. त्या रात्रीं अस्क्या तुकडीनं नुसती डाळ खाल्ली. मज बघून खाल्ली."

"आणि मग यांचं नाव पडलं उंटवाला," रत्नाकरनं शेवट केला. "मी असतो ना हवालदार, तर आधी विचारलं असतं, हे देऊळ रवंथ का करतंय?"

इतक्यात कल्पना आणि उन्मेष टॅक्सीतून उतरले आणि कट्टा एकदम शहाणा झाला. नवीननं पेले गोळा केले. रत्नाकर आपल्या फियाटच्या दारापुढे उभा राहिला, म्हणजे दोरी दिसू नये. तुळजाजींनी उन्मेषला मागच्या सीटच्या पाठीच्या वरच्या काठावर बसवलं, खांद्यावर हात ठेवून. पोरगं शोभलं हो. कल्पनाही जरा हसली. तुळजाजी पुढे बसले. आता खरं म्हणजे इंजिन गरम होतं, चोक ओढायची गरज नव्हती. पण व्याह्यांकडची बाई बघतेय म्हटल्यावर माणूस कांकणभर जास्तच करतो. ओढला चोक. भरपूर ओढला. किल्ली फिरवली.

गाडी घुर्र, घुर्र, आणि गप्प.

आणि तुळजाजींच्या तोंडून, इतकी वर्षं होऊनही, ते बाहेर पडलं: "मिसफायर! अस्के मागं!"

अंगात मुरलेली शिस्त ती. तोफ उडाली नाही तर तिला हात लावायचा नाही, मागे हटायचं, वाट बघायची, मगच उघडायची. तुळजाजी दार उघडून मागे. रत्नाकर आणि नवीन, वर्षानुवर्षं हे ऐकून तयार झालेले, ते भिंतीमागे. उन्मेषनं सगळे पळताना बघितले आणि दारावरून उडी टाकली. रत्नाकर कल्पनाला सांगतोय, "ताई, मागे या, मागे या, काही होत नाही!" काही होत नाही असं पळत पळत सांगितलं की ऐकणाऱ्याला काय वाटणार?

थोड्या वेळानं तुळजाजी पुन्हा बसले, किल्ली फिरवली, आणि गाडी अशी सुरू झाली, की मांजराला लाजवेल इतकी मऊ गुरगुरली. पण बघायला कल्पना होती कुठं? ती गेटबाहेर टॅक्सी थांबवत होती.

"बाबा," ती मला म्हणाली, "ज्या गाडीपासून तिचा मालकच पळतो, तिच्यात मी माझा मुलगा बसवू?"

काळी गाडी ठरली.

घरी कल्पना कोथिंबीर निवडत बसली असताना मी विषय काढला. म्हटलं, अगं, त्या गाडीत काही गोळा नव्हता. चोक ओढल्यानं पेट्रोल जास्त झालं होतं आत. जरा वेळ थांबलं, की ते उडून जातं आणि गाडी सुरू होते. थांबणं हाच उपाय. किल्ली फिरवत बसलं तर आणखी बिघडतं.

"मग 'जरा थांबा' म्हणता येत नाही? मिसफायर कशाला?"

मी हे तुळजाजींना जाऊन विचारलं. ते विचार करून म्हणाले, "जरा थांबा म्हटलं तर कोण थांबतं?"

हे मी परत येऊन कल्पनाला सांगितलं. तिनं हातातली भाजीची जुडी बाजूला ठेवली. आमच्या घरी जरा थांबा म्हटल्यावर कोण कोण थांबतं, ते तिलाच ठाऊक.

त्या भेटीत मला जास्त लागलं ते दुसरंच. गाडीवर छप्पर परत बसवलेलं होतं, बोल्ट घट्ट आवळलेले. तुळजाजी दोन विनोद करून आत गेले. मग सकवारबाई कापी घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "यांचा स्वतःचा जानवास झाला नाही हं, गजेंद्रराव. सुटी उशिरा मिळाली, आगगाडी चुकली. आम्ही अस्क्या जणी गच्चीवर, नवरा बघायस. आणि नवरा उतरला नारळाच्या लॉरींतून, नारळांच्या ढिगावरून घसरत. डोक्यास काथ्या. मी तर हसून हसून... पण तेव्हांपासून बघा, दुसऱ्या कुणाचा जानवास चुकूं देत नाहीत."

"मग नातीच्या वेळी..."

"नको म्हणाले बोलूं. मुलाकडच्यांची मर्जी. मज म्हणाले, काळी गाडीही चांगली असते. तीन वेळां म्हणाले."

लग्नाची आदली संध्याकाळ. एग्मोरच्याच पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापाशी आम्ही सगळे जमलो. उन्मेष रेशमी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, सावरतोय, ती सुटू नये म्हणून आत पट्टा बांधलेला. नादस्वरमवाले पान लावून बसलेले. तुळजाजींनी हेरल्डमधून हारांच्या टोपल्या आणल्या होत्या, छप्पर लावलेल्या गाडीतून, आणि ती गल्लीच्या कडेला चिंचेखाली नेऊन उभी केली होती, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही अशी. रत्नाकर आणि नवीन तिच्याशेजारी.

काळी गाडी आली नाही.

ड्रायव्हरला रस्ता सांगायचं काम नवीनकडे होतं. त्याचा फोन वाजला. ड्रायव्हर. मेट्रोच्या खोदकामामुळे रस्ता बदललेला, फोनमधला नकाशा जुनाच रस्ता दाखवत होता. नवीन म्हणाला, "भाई, नकाशा ठेव बाजूला. मी रोज येतो त्या रस्त्यानं. सरळ ये. मोठी पिवळी क्रेन दिसेल. क्रेनपाशी डावीकडं. समोरच देऊळ."

आम्ही वाट बघितली. पुन्हा फोन. ड्रायव्हर म्हणत होता, क्रेनपाशी डावीकडे वळलो, पण इथं देऊळ नाही, रेल्वेच्या पार्सलांच्या हातगाड्या आहेत. पुढे माशांच्या पेट्या. मागे रिक्षा. गाडी मागेही जात नाही आणि पुढेही.

"असं कसं? क्रेन तर पुलाच्या अलीकडे..." नवीन म्हणाला आणि थांबला.

तुळजाजी इतका वेळ हारांच्या टोपल्यांपाशी होते. त्यांनी विचारलं, "नवीन, त्या क्रेनीस चाकं आहेत काय?"

नवीननं फोन कानावरून काढला. "आहेत. आज दुपारी हलवली असेल पुलापलीकडे."

"अय्यो," तुळजाजी शांतपणे म्हणाले. "तुझा उंट उठला."

रत्नाकर तिथंच फूटपाथवर बसला. मला तर हसू आवरेना, मी देवळाकडे तोंड करून हात जोडले, म्हणजे लोकांना वाटावं म्हातारा प्रार्थना करतोय. इतकी वर्षं ज्याच्यावरून हवालदाराची खेचली, तेच या पठ्ठ्यानं करून दाखवलं!

"शपथ हवालदार, मुद्दाम नाही केलं," नवीन म्हणाला.

"मज ठाऊक आहे. मुद्दाम असं जमत नाही."

पण कल्पना हसत नव्हती. लग्नाचे गुरुजी आभाळाकडे बघत होते, नादस्वरमवाल्यांचं दुसरं पान संपलं होतं, बायका कुजबुजायला लागल्या होत्या. तिनं एकदा उन्मेषकडे बघितलं, एकदा चिंचेखालच्या गाडीकडे. तुळजाजी हारांना पाणी मारत उभे होते, जणू हार सुकण्यापलीकडे जगात काळजी नाही. मी ओळखलं, हा माणूस आता स्वतःहून विचारणार नाही. एकदा नाही म्हटलंय त्याला.

कल्पना त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "काका," ती म्हणाली, "तुमची गाडी मिळेल का?"

तुळजाजींनी पाण्याचा लोटा खाली ठेवला. ते एकदम नवीनवर ओरडले. "उभा काय राहिलास! छप्पर!"

मग जे झालं ते बघायला सगळी गल्ली जमली. तोफेवर प्रत्येकाला नंबर असतो, तसे यांनी नंबर वाटून ठेवलेले. "एक नंबर, पुढचे बोल्ट! दोन नंबर, मागचे!" रत्नाकर पुढे, नवीन मागे, पाने फिरतायत. तिसऱ्या नंबराला माणूस नव्हता, तर मी गेलो. मला चादर धरून उभं केलं. "उचल!" आणि ते अख्खं छप्पर, टोपीसारखं, उचलून देवळाच्या भिंतीला टेकवलं. देवळासमोरच्या फुलवालीनं टाळ्या वाजवल्या. सीटवर चादर, चादरीवर उन्मेष, उन्मेषवर हार. सकवारबाईंनी गाडीला हार घातला.

तुळजाजी बसले. मी त्यांच्या बाजूलाच उभा होतो, त्यामुळे मला दिसलं. त्यांचा हात चोककडे गेला. मी म्हणणार, अहो गरम आहे ती, नको. पण ओढला त्यांनी. त्या हातालाही काही भान होतं असं नाही.

घुर्र, घुर्र. गप्प.

तुळजाजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. मागच्या वेळी त्याच एका शब्दानं सगळं गेलं होतं, तो शब्द आता त्यांच्या तोंडातून येईना. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा घुर्र. गाडी पेट्रोलात आणखी आणखी बुडायला लागली. रत्नाकर पुटपुटला, "हवालदार, थांबा ना..." त्यांना ऐकूच जाईना. कपाळावर घाम. तिसऱ्यांदा किल्ली.

"काका, हात काढा!"

कल्पनाचा आवाज. सिरुसेरीच्या सोळाव्या मजल्यावरून खाली खेळणाऱ्या उन्मेषला जेवायला बोलवायची, तो आवाज.

"मिसफायर!" ती ओरडली. "सगळे मागे! मागे व्हा! गुरुजी, तुम्हीसुद्धा! उन्मेष, तू बस तिथंच, काही होत नाही, नुसतं पेट्रोल आहे!"

आख्खी वरात मागे सरकली. नादस्वरमवाले वाद्यं छातीशी धरून मागे. बायका मागे. एक रिक्षावाला, ज्याचा लग्नाशी काही संबंध नव्हता, तोही मागे. कुणीही विचारलं नाही कशाला. तुळजाजी किल्लीवरचा हात काढून मांडीवर ठेवून बसले आणि समोर बघत राहिले, आणि कल्पना बॉनेटशेजारी उभी, हात वर करून, गर्दी अडवत. मला आमचे गुरुजी आठवले, घंटेखालचे.

बराच वेळ गेला. म्हणजे गेला असं वाटलं.

"आता?" कल्पनानं विचारलं.

"आतां," तुळजाजी म्हणाले, "तुम्ही सांगाल तेव्हां."

"फिरवा."

किल्ली फिरली. मागच्या नळीतून एक बार निघाला, असा दणदणीत, की तविलवाल्यानं दचकून आपल्या ढोलावर थाप मारली आणि तिथूनच वाजवायला सुरुवात केली. नादस्वरमवाला त्याच्या मागे धावला. गाडी सुरू! उन्मेष एका हातानं हार आणि एका हातानं वेष्टी धरून हसतोय. रत्नाकर ओरडला, "कांदे सांभाळा!" ते आम्हा चौघांना सोडून कुणालाच कळलं नाही.

वरात निघाली. माणसाच्या चालीनं, त्या बिनगोत्राच्या पंख्याच्या घरघरीत. कल्पना सगळा रस्ता बॉनेटला हात लावून चालत होती, ताप बघितल्यासारखी. अधूनमधून तुळजाजींकडे बघायची. ते मान हलवायचे, म्हणजे ठीक आहे. कार्यालयाच्या गच्चीवर बायका चढल्या होत्या नवरा बघायला, आणि त्यांच्यात पुढे दिव्यश्री, मेंदीचे हात वर धरून, "ताता! ताता!" करून ओरडणारी. नवऱ्याकडे तिचं लक्ष नंतर गेलं.

आम्ही कोपऱ्यावर होतो तेव्हा मागून हॉर्न. काळी गाडी! माशांच्या पेट्यांतून एकदाची सुटून आलेली. ड्रायव्हर घामाघूम. आता काय करायचं तिचं? सकवारबाई आणि मी मागे चालत होतो, तर कल्पनानं आम्हा दोघांना तिच्यात बसवलं. आता संध्याकाळची वेळ, म्हाताऱ्यांचे पाय, म्हणून ड्रायव्हरनं छप्पर आपोआप वर आणलं आणि काचा लावल्या. गारेगार. गादी अशी, की उठवेना. जरासा माशांचा वास होता, पण तो चालतो.

फक्त बाहेरचं काही ऐकू येईना. पुढे नादस्वरम् वाजतंय, रत्नाकर काहीतरी ओरडतोय, लोक हसतायत, आणि आम्ही आत, काचेच्या बरणीतल्या लोणच्यासारखे. सकवारबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

"उतरूंया?" त्या म्हणाल्या.

उतरलो, आणि हेरल्डच्या मागच्या धुरातून चालत गेलो.